काळ्या लुगड्यातली याडी

आमच्या बँडसाठी फोन आला की समोरचा माणूस हमखास विचारतो, "घोडा तुमचा का आमचा?" यवतमाळात बँड म्हणजे वरातीचा. मग मी माझा सर्वांत गंभीर आवाज काढून सांगतो, की आमच्याकडे घोडा नाही. एक गिटार आहे, एक ड्रमसेट आहे, एक हार्मोनियम आहे आणि काळं लुगडं नेसलेली एक मिशीवाली बाई आहे. ती बाई म्हणजे मी. इथे निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेले आमचे रसिक.

आम्ही नेमकं काय करतो ते पोस्टरवर कधी मावलं नाही. थोडं रॉक, थोडा कॅबरे, थोडं नाटक, आणि गाणी सगळी अंधारातली. एक विहिरीत राहणाऱ्या बाईचं. एक स्वतःच्याच तेरवीच्या पंगतीत बसून बुंदी पुन्हा मागणाऱ्या म्हाताऱ्याचं. गाण्यांमधल्या जागा मी बोलून भरतो, तोंडाला पांढरा रंग आणि डोळ्यांत काजळ घालून. लहानपणी गावच्या दंडारीच्या खेळात बाप्येच लुगडी नेसून नाचताना पाहिले होते, त्यामुळे मला त्यात नवल वाटत नाही. बायकोला वाटतं. पण निऱ्या तीच घालून देते.

हे सगळं म्हणजे मांडव. बँड म्हणजे ती. दारव्ह्याजवळच्या तांड्यावरची मुलगी, यवतमाळच्या एका शाळेत गणित शिकवायची. शाळेतून थेट तालमीला यायची, बोटांना खडू तसाच. तालीम एका जिनिंगच्या शेडमध्ये, कापसाचा हंगाम नसेल तेव्हा. तिथली रुई वर्षभर हवेत तरंगत असते. आम्ही काळे कपडे घालून भुतांची गाणी म्हणायचो आणि घरी परतताना बर्फात लोळून आलेल्या अस्वलांसारखे दिसायचो. ती गायला लागली की मात्र ड्रमवाला काड्या हातात धरून ऐकत बसायचा आणि वाजवायचं विसरायचा. त्याचं बालपण जयंतीच्या मिरवणुकीत ढोल बडवण्यात गेलेलं. हा माणूस सहसा थांबत नाही.

मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. ढावलो. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, ते. तिनं एकदा डबा खाताना दोन ओळी गुणगुणल्या आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्यानंतर मी तिची पाठ सोडली नाही.

"काका, ते उगाच नाही म्हणत," ती म्हणायची. "घर सोडाची वेळ आली का म्हणतात."

"अवं, पण हे नाटक आहे!"

"तुमच्यासाठी."

मग पुण्याच्या एका संगीत नाटक मंडळीनं तिला बोलावलं. तिनं लपवलं नाही. तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं आणि म्हणाली, "अजून काही ठरवलं नाही." ती गेली तर बँड कोणत्या तोंडानं गाणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, म्हणून कोणीच काही विचारलं नाही. मी लाच सुरू केली. तिच्यासाठी गरम कचोरी आणायचो. तिची गाणी वाढवली. माझी स्वतःची भाषणं कापली, यावरून माझी अवस्था ओळखावी.

दारव्ह्याच्या मंगल कार्यालयात आमचा कार्यक्रम ठरला. माइक तपासताना ती सहज म्हणाली, "काका, आज शेवटी ढावलो म्हणते."

मी धावत ड्रमवाल्याकडे गेलो. "राह्यली बे ती! इतके दिवस जे दिलं नाही, ते आज देऊन राह्यली. असं देऊन कोणी जाते का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, ड्रमचा स्क्रू आवळला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही पदर सावरा."

संध्याकाळी तांड्यावरच्या बाया जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. विहिरीतली बाई झाली, तेरवीतला म्हातारा झाला, बुंदीला हशा मिळाला. मग वाद्यं थांबली आणि तिनं ढावलो उचलला. गिटारवाल्याच्या गळ्यात पडून 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत एक कडवं म्हटलं. ड्रमवाल्याच्या गळ्यात पडून दुसरं. तो दांडगा गडी हमसून हमसून रडला. वा, काय अभिनय, मी मनात म्हटलं.

मग ती माझ्याकडे आली. माझ्या गळ्यात हात टाकले आणि सूर लांबवून म्हणाली, "याडी..."

आई.

अख्खं कार्यालय हसलं. मिशीवाली आई! आणि मी, सवयीचा गुलाम, प्रेक्षकांकडे बघून एक भुवई उडवली आणि मिशीला पीळ दिला. हशा दुप्पट झाला. तिनं मिठी सोडली नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या बाया उठल्या, स्टेजवर चढल्या आणि आम्हा दोघांना वेढून तिच्या सुरात सूर मिसळून रडायला लागल्या.

आयोजक धावत आला. "बायांनो, खाली बसा! प्रोग्राम चालू आहे!"

एक म्हातारी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "तुहा प्रोग्राम असन. आमची पोरगी चालली."

माझा हात अजून मिशीवरच होता.

ती पुण्याला गेली. तिची गाणी आता मी म्हणतो. परवा कळंबला एकानं कार्यक्रमानंतर येऊन सांगितलं, की विहिरीतली बाई आता खरंच फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी वाटते. ती अधूनमधून फोन करते. काका म्हणणं तिनं सोडलंय. "याडी, काय करून राह्यली?" असं विचारते, आणि मी भर चौकात उभा राहून बायकी आवाजात उत्तर देतो. बाजूचे ऑटोवाले बघत राहतात.

पावसाळा संपताना तालमीत ड्रमवाला म्हणाला, "भाऊ, लेक पयल्यांदा माहेरी आपल्या पायानं येते का? आणाले जा लागते."

मी लगेच फोन लावला. "तुले घ्यायले येऊन राह्यलो."

ती म्हणाली, "लुगडं नेसून?"

"मिशीसकट."

ती इतकी हसली, की मागून कोणीतरी तिला गप्प बसायला सांगितलं. त्यांची तालीम सुरू होती. "दिवाळीत पाहू," ती घाईनं म्हणाली.

मी त्याच दिवशी काळं लुगडं इस्त्री करून आणलं आणि बॅगेत भरलं. दिवाळी होऊन गेली. मंडळीचे प्रयोग लागले होते, ती तरी काय करणार. बॅग दाराजवळच आहे. कार्यक्रमांना मी आता दुसरं लुगडं नेसतो, बॅगेतल्याची घडी मोडू नये म्हणून.