मँचेस्टरचं पत्रक

"तू बस. कागद नंतर."

कौन्सिलच्या टेबलाशी कुणीही आलं की ते आधी हे म्हणायचे, इंग्रजीत नाहीतर मराठीत. म्हणताना समोरची खुर्ची पायानं थोडी पुढे ढकलायचे आणि माणसाच्या हातातला कागद, मग ती भाड्याची नोटीस असो की डॉक्टरची चिठ्ठी, काढून घेऊन टेबलावर पालथा घालायचे. माणूस नीट टेकला, त्यानं एकदा इकडंतिकडं पाहिलं, की मगच तो कागद सुलटा व्हायचा. अशी माणसं तुम्ही कचेऱ्यांत क्वचितच पाहिली असतील. मीही त्याआधी पाहिली नव्हती.

२००९ च्या उन्हाळ्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा मी मँचेस्टरमध्ये होते. मंदीत माझी बँकेतली नोकरी गेली होती, एकटी माझी नव्हे, सबंध टीमची. नवऱ्याची टिकली. मग एका एजन्सीनं मला फ्लूच्या औषधांच्या केंद्रावर टेंपररी कामाला लावलं. केंद्र म्हणजे एका कम्युनिटी सेंटरचा हॉल. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, भिंतीला घड्या घालून ठेवलेली टेबलं, आणि सगळीकडं सॅनिटायझरचा वास.

कामाची पद्धत साधी होती. आजारी माणसानं घराबाहेर पडायचं नाही. फोनवर प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि एक नंबर घ्यायचा. तो नंबर घेऊन त्याच्या वतीनं कुणीतरी धडधाकट माणसानं आमच्याकडं यायचं. त्या माणसाला 'फ्लू फ्रेंड' म्हणायचे. मी नंबर बघायची, ओळखपत्र बघायची, गोळ्यांचं पाकीट द्यायची. हॉलच्या दुसऱ्या कडेला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, टेबल. आजारपणानं किंवा मंदीनं ज्यांचा पगार बंद झाला, त्यांना घरभाड्यात, कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे घरपट्टीत, काय मदत मिळेल हे सांगायला ते तिथं बसायचे.

पहिल्याच दिवशी माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून ते उठून आले. पंचेचाळिशीचे, उंच, खांदे थोडे वाकलेले.

"तू मराठी आहे?"

"हो. तुम्ही?"

"माझी आई मराठी आहे," ते म्हणाले. स्वतःबद्दल मात्र त्यांची खात्री नसावी.

त्यांची आई साताऱ्याकडची. साठच्या दशकात नर्स म्हणून इकडं आली. वडील बस चालवायचे. ते जन्मले, वाढले, शिकले ते इथंच. आता वडील नव्हते, लग्न झालं नव्हतं, ऐंशीच्या घरातली आई आणि ते असे दोघंच राहायचे. मराठी त्यांच्याशी आयुष्यात एकच व्यक्ती बोललेली, आई, आणि तिनं त्यांना कधी अहो-जाहो केलेलं नव्हतं. त्यामुळं जगात सगळ्यांना 'तू' म्हणतात अशी त्यांची समजूत होती. शिवाय त्यांच्या मराठीत सगळ्या गोष्टी स्त्रीलिंगी होत्या. फॉर्म मोठी होती, पाऊस आली होती, आणि मॅनेजर साहेब सकाळपासून रागावली होती.

एकदा पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक आले. मुलीकडं राहायचे. तिला ताप होता आणि तिच्या ऑफिसनं आजारपणाचे पैसे देताना खळखळ चालवली होती. कौन्सिलच्या टेबलाशी बसलेल्या ह्यांनी खुर्ची ढकलली. "तू बस. कागद नंतर."

प्राध्यापक उभेच राहिले. "मला अरे-तुरे? अहो, वय काय माझं!"

मी माझ्या टेबलावरून धावत गेले आणि सगळा खुलासा केला. ह्यांचे कान लाल झाले. त्यांनी मनातल्या मनात शब्दांची जुळणी केली, आणि अतिशय आदरानं म्हणाले, "तुम्ही बस."

प्राध्यापक बसले. पुढं मुलगी बरी झाली तरी ते दर गुरुवारी यायचे, कधी कौन्सिल टॅक्सचं काही विचारायला, कधी नुसतेच, आणि येताना ह्यांच्यासाठी एक क्रियापद शिकवायला घेऊन यायचे.

पत्रकाची गोष्ट त्यानंतरची. फ्लूची माहितीपत्रकं उर्दू, बंगाली, पोलिश, चिनी अशा भाषांत होती. मराठी नव्हतं. "आपण करू," ते म्हणाले. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. मी लिहायचं, वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकायचं.

मी लिहिलं, 'लक्षणे आढळून आल्यास सार्वजनिक ठिकाणी जाणे कटाक्षाने टाळावे.'

"हे कोण बोलते?" त्यांनी विचारलं. "तुझी आई असं बोलते?"

"नाही."

"मग आई काय म्हणेल?"

"ताप आला तर घरीच थांबा."

"ते लिही."

अशी एकेक ओळ छाटत आम्ही ते एका पानात बसवलं. ताप आला तर घरीच थांबा. दवाखान्यात जाऊ नका, फोन करा. मित्राला औषध आणायला सांगा. मागच्या बाजूला मदतीची माहिती, पगार थांबला तर कुणाला भेटायचं वगैरे. इंग्रजी पत्रकात शेवटी आणखी एक परिच्छेद होता, आजार वाढला तर काय करायचं याचा. तो आमच्या पानात मावेना. "लोक एवढी वाचत नाही," ते म्हणाले. मलाही ते पटलं. ऑफिसनं प्रती काढून दिल्या. फिक्या पिवळ्या कागदावर.

जुलैत नागपूरचा एक मुलगा आला. कॉन्ट्रॅक्ट संपलेलं, व्हिसा कंपनीचा, बायको सातव्या महिन्यात आणि तिला ताप. तो औषधाला यायलाच घाबरत होता. सरकारकडून काही घेतलं की व्हिसा जातो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ह्यांनी त्याला बसवलं. कोऱ्या कागदावर मधोमध एक रेघ मारली.

"इकडे पैसे. पैसे तुला नाही. तुझी व्हिसावर लिहिली आहे, नाही. मी खोटी आशा नाही देत." मग रेघेच्या दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं. "इकडे औषध. औषध हो. शंभर वेळा हो. पण पोटात बाळ आहे तर फ्लूच्या नंबरला नाही, तिच्या जीपीला फोन कर. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं समोर बसून फोन केला. तासाभरानं जीपीच्या, म्हणजे तिच्या नेहमीच्या डॉक्टरच्या, चिठ्ठीवर मी त्याला तोंडानं ओढायचं औषध दिलं. तिला गोळ्या चालत नव्हत्या. तो गेल्यावर ते टेबलाशी नुसते बसून राहिले. 'नाही' म्हणायचा दिवस असला की ते दुपारचं सँडविच खात नसत, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं.

ऑगस्टमध्ये पुण्यात फ्लू पसरला. शाळा बंद झाल्या, मास्कसाठी रांगा लागल्या. आई रोज फोनवर सांगायची. एका सकाळी बाबा फोनवर आले. "जरा कणकण आहे. तुझी आई उगाच घाबरते. जाऊन दाखवून येऊ का?"

बाबांना मधुमेह होता. त्यांनी तिथल्या गर्दीत तासन्‌तास उभं राहावं असं मला वाटलं नाही. पिवळं पत्रक माझ्या पर्समध्येच होतं. मी ते काढलं आणि वाचलं. "बाबा, ताप आला तर घरीच थांबा. दवाखान्यात जाऊ नका."

"बरं," बाबा हसून म्हणाले, "मँचेस्टरची ऑर्डर आहे म्हटल्यावर काय."

ते घरी थांबले. तीन दिवस थांबले. तिथं फोन करून नंबर मिळत नव्हता, मित्राच्या हाती औषध येत नव्हतं. औषध फक्त ठरावीक हॉस्पिटलांत होतं, आणि तिथं जाऊ नका असं मीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी त्यांना श्वास लागला, तेव्हा हॉस्पिटलात नेलं. सहाव्या दिवशी, रविवारी, दादाचा फोन आला.

सोमवारी मी कामावर गेले. व्हिसा वाढवायला पासपोर्ट होम ऑफिसला दिलेले होते, पुण्याला जाता येत नव्हतं, आणि घरी बसून काय करायचं हे मला सुचेना. मी नंबर बघत होते, ओळखपत्र बघत होते, पाकिटं देत होते. मला काही वाटत नव्हतं, हे खरं सांगते. हातमोजे घालून काहीतरी चाचपावं तसा तो दिवस होता.

अकराच्या सुमारास ते माझ्या टेबलाशी आले. "काय झाली?"

"बाबा गेले."

"कुठे?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्यांच्या घरात बाबा गेले म्हणजे बाबा कामावर गेले.

"वारले," मी म्हटलं. तेही कळलं नाही. शेवटी मी म्हटलं, "ही डाइड."

त्यांनी आपल्या टेबलावर 'बंद' ची पाटी ठेवली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत कामाच्या वेळेत ती पाटी प्रथमच लागली, असं नंतर मला कुणीतरी सांगितलं. ते मला हॉलमागच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. आधी पासपोर्टचं विचारलं. परत मागितला तर अर्ज रद्द धरतात, मग पुन्हा इकडं येणं अवघड, नवऱ्याचंही. हे त्यांनी मला सरळ सांगितलं, नागपूरच्या मुलाला सांगितलं तसंच. "मी फोन करते, विचारते," ते म्हणाले. त्यांनी फोन केला, विचारलं, उत्तर तेच आलं. दहन तर कालच झालं होतं, तेराव्यालाही मी जाणार नव्हते.

मग मी त्यांना पत्रकाचं सांगितलं. बाबांना काय वाचून दाखवलं ते सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

तुझी चूक नाही, असं ते म्हणतील म्हणून मी थांबले होते. ते म्हणाले नाहीत. त्यांनी ते बरं केलं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मग ते उठले, आत गेले, आणि उरलेल्या पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन आले.

"इथे लिही," खालच्या रिकाम्या पट्टीवर बोट ठेवून ते म्हणाले. "मी कापली ती ओळ."

मी लिहिलं, 'श्वास लागला तर थांबू नका. लगेच दवाखाना.'

त्यांनी तो कागद समोर ठेवला आणि दुसऱ्या प्रतीवर उतरवायला घेतला. आपण अक्षरं काढून मग वरून रेघ देतो. त्यांनी आधी पट्टीनं रेघ मारली आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलं, दोरीवर कपडे टांगावेत तसं. पहिल्या काही प्रतींत 'थ' उलटा झाला. मी दाखवला, त्यांनी दुरुस्त केला. वाचता न येणारी ती ओळ त्यांनी दुपारभर काढली, आणि दुसऱ्या दिवशीही, माणसं नसतील तेव्हा तेव्हा. मी शेजारी बसून शाई वाळलेले कागद रचत होते.

मॅनेजर आले. छापील पत्रकावर हातानं काही लिहायचं नसतं, असं म्हणाले. "इंग्रजीत हे वाक्य आहेच," ह्यांनी उत्तर दिलं. "मराठीतून मी काढलं होतं. चूक माझी."

"ती ओळ आम्ही दोघांनी मिळून..." मी म्हणायला गेले.

"तू बस," ते म्हणाले.

नवीन प्रती छापून आल्या तेव्हा ती ओळ सर्वांत वर होती, ठळक अक्षरांत. ते मॅनेजरांनीच करवून घेतलं, हेही सांगायला हवं. पुढं प्राध्यापकांनी पत्रक वाचून त्यातली शुद्धलेखनाची एक चूक काढली आणि बाकी उत्तम आहे म्हणाले.

हिवाळा सुरू होता होता लस आली, रांग आटली आणि केंद्र बंद झालं. शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून टेबलांच्या घड्या घातल्या. "फोन कर," ते म्हणाले. मी केला नाही. मी त्या दिवसांत कुणालाच फोन करत नव्हते.

डिसेंबरात प्राध्यापकांचा फोन आला. आमचे कौन्सिलच्या टेबलावरचे ते गेले, ट्रॅमच्या स्टॉपवर हार्ट अटॅक. फ्लू नव्हे. लोक विचारतात म्हणून सांगते.

इथल्या क्रिमेटोरियममध्ये प्रत्येकाला ठरावीक वेळ असते. कौन्सिलची बरीच माणसं आली होती. नागपूरचा तो मुलगा आला होता, बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन. मी मागच्या रांगेत बसले. पडदा सरकला, दार उघडलं, बाहेर पुढची मंडळी उभीच होती.

नंतर शेजारच्या खोलीत चहा होता. त्यांच्या आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. साडीवर राखाडी कार्डिगन, पायांत मोजे आणि जाड बूट. लोक वाकून इंग्रजीत दोन शब्द बोलत होते, त्या मान हलवत होत्या. मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तोंडातून एवढंच आलं, "मी त्यांच्याबरोबर काम करत होते."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझं मनगट धरलं.

"पुण्याची ना गं तू? वडील गेले ना तुझे?" त्या म्हणाल्या. "तुला जाता आलं नाही म्हणाला होता."

मी हो म्हटलं.

"इथं बस जरा. चेहरा किती उतरलाय." त्यांनी पलीकडच्या टेबलावरची बशी ओढली. "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या हातात अंड्याचं सँडविच दिलं. मी ते खाल्लं. पूर्ण संपेपर्यंत त्या माझं मनगट धरून बसल्या होत्या.