फवाऱ्यातलं चिकटणं

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेतला मास स्पेक्ट्रोमीटर माझ्या ताब्यात होता. हा रेणूंचा वजनकाटा. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. पाण्यात ते आणि औषधासारखा एखादा लहान रेणू मिसळून त्या पाण्याचा बारीक फवारा यंत्रात सोडायचा. पडद्यावरच्या आलेखात सुट्या पेप्टाइडचं शिखर दिसतं, आणि रेणू चिकटलेल्याचं थोडं पुढं. दोन्हींच्या उंचीवरून चिकटणं किती घट्ट आहे ते काढायचं.

पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचं हे पुढचं शिखर चांगलं उंच आलं. गाईड खूश होते. प्रबंध दिला की तिचं लग्न, असं ठरलेलं. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "तीच अमिनो आम्लं, पण क्रम बदललेला, असं पेप्टाइड लावून बघू. चिकटणं खरं असेल तर त्याला रेणू चिकटायला नको."

"सर, गाईडनी बघितलंय की."

"एकदाच."

त्यालाही तेवढंच चिकटलं. रेणू फार घातला की फवाऱ्याचा थेंब वाळताना आतले सगळेच एकमेकांना धरतात. तिनं घरी फोन लावला.

मग हातकणंगल्याहून तिचे वडील आले. दुधाचा धंदा. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"पावणं, चिकाटलं का न्हाय?"

"काका, चिकटतंय. पण दुसरं लावून बघितलं, तर त्यालाही. कशालाही चिकटतंय. थेंब वाळतो ना, त्यामुळं."

"मंजी आमच्या धाकट्या भावागत. मग आता?"

"रेणू कमी घालून सगळं परत मोजायचं."

"आन् पोराकडच्यास्नी काय सांगू? थेंब वाळला म्हनून?"

लग्न मोडलं तर ते माझ्यामुळं, हे धरूनच मी ते सगळं वर्ष काढलं. ती मोजत राहिली. क्रम बदललेल्या पेप्टाइडचं पुढचं शिखर शेवटी गेलं. खऱ्याचं राहिलं, पण बुटकं. तिनं प्रबंधात तेवढंच लिहिलं आणि तो मंजूर झाला. पोराकडचे कुरकुरत का होईना, थांबले होते.

लग्नात वडिलांनी माझा दंड धरून मला व्याह्यांपुढं उभं केलं. "ह्येच ते. वरीसभर लगीन ह्यांनीच आडवलं."

व्याह्यांनी नमस्कार केला. मीही केला.

पंगतीत तिचे वडील स्वतः जिलबी घेऊन आले. "घ्या पावणं. ही गोडच हाय. दुसरी लावून बघू नगा."

मी दुसरीही घेतली.