मावशीचं 'आजचं'

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माझ्या नवऱ्याच्या मावशीइतकं सुखी माणूस दुसरं नसेल, आणि स्वतःच्या सुखानं इतरांना इतकं हैराण करणारंही नसेल. बाकीचे लोक सुखी असले की आपापल्या घरी गप्प बसतात. हिला सुख झालं की त्याच क्षणी ते कोणाला तरी सांगावं लागतं, आणि सुख तिला दिवसातून चाळीसदा तरी होतं. तांदळाच्या पिशवीची शिलाई कुठल्या बाजूनं ओढली की सरळ उसवते, हे देवालाही ठाऊक नसावं. आपण दोन मिनिटं झटापट करतो आणि मुकाट्यानं कात्री आणतो. एकदा मावशीनं दोरा ओढला आणि तो सर्रकन एका दमात निघून आला. तो हातभर दोरा झेंड्यासारखा उंच धरून तिनं शेजारच्या तिन्ही घरांच्या बेल वाजवल्या. समोरचे वकीलसाहेब कोणाचं काय झालं म्हणून शर्टाची बटणं लावत धावत आले. "एका ओढीत हो, एका ओढीत!" मावशी सांगत होती. वकीलसाहेबांनी दोरा नीट पाहिला, "अभिनंदन" म्हणाले आणि परत गेले. दुसरं काय करणार?

मला ती पहिल्यांदा भेटली माझ्याच लग्नात. होमाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, नऊवारीचा काष्टा सुटायच्या बेतात होता, आणि आता रडू फुटणार इतक्यात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "अगं, तुझी नथ पहिल्या खेपेत बसली! मी बघत होते. अशी बसत नसते." मी गोंधळून "हो का, मावशी? तुम्ही..." एवढंच म्हणाले, तर तिनं माझं बोलणं तिथंच तोडलं. "मावशीला कोणी अहो-जाहो करतं का?" तेव्हापासून ती माझी अगं-मावशी.

नोकरीची सगळी वर्षं मावशीनं मनमाड जंक्शनवर काढली. गाड्या येतात-जातात त्याच्या घोषणा करायचं तिचं काम. रोज शेकडो माणसांना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत "गाडी उशिराने धावत आहे" असं सांगायचं आणि तिन्ही भाषांत दिलगिरी व्यक्त करायची. निवृत्त झाल्यावर ती इंदिरानगरला आमच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर राहायला आली, पण घोषणा काही सुटल्या नाहीत. तिच्याकडे जेवायला गेलं की स्वयंपाकघरातून तो खणखणीत, सुरेल आवाज येई, "कृपया लक्ष द्या. थालीपीठ थोड्याच वेळात पान क्रमांक दोनवर येत आहे. लोण्याला होणाऱ्या विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." पाहुणे ठसका लागेपर्यंत हसत, आणि मावशी गंभीर चेहऱ्यानं पुन्हा हिंदीतून सगळं सांगे.

मी तिला एकदा विचारलं, इतकी वर्षं लोकांना वाईट बातम्या देऊन कंटाळली कशी नाहीस? ती म्हणाली, "अगं, माझ्या खोलीच्या काचेतून फलाट दिसायचा ना. गाडी दोन तास लेट म्हटलं की माणूस दहा मिनिटं चिडतो. घड्याळ बघतो, सरकारला शिव्या घालतो. मग डबा उघडतो. मग शेजारच्याला विचारतो, लोणचं चालेल का? मी रोज बघायचे. एकही माणूस दहा मिनिटांच्या पुढं टिकला नाही."

ती स्वतः ती दहा मिनिटंसुद्धा चिडत नसे. नाशिकरोडला एका नातलग मुलीच्या साखरपुड्याला आम्ही निघालो होतो आणि द्वारका चौकात अडकलो. तास झाला तरी गाडी पुढं हलेना. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, माझ्या मांडीवरचा गजरा कोमेजला होता, आणि मागं मावशीला उकळ्या फुटत होत्या. "जन्मभर दुसऱ्यांना उशीर झाल्याचं सांगितलं मी. आज मला स्वतःला होतोय!" तिनं काच खाली केली आणि शेजारच्या गाडीतल्या लोकांची चौकशी सुरू केली. कुठले? कुठं निघालात? तेही साखरपुड्यालाच निघाले होते. कुठल्या हॉलला? आणि मग मावशीनं अशी किंकाळी फोडली की पुढचा रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. शेजारच्या गाडीत, कोट घालून, घामाघूम होऊन बसलेला तो नवरदेव आमचाच होता.

"अरे, मग आपल्याला उशीर कसला? साखरपुडा तर इथंच उभा आहे!" मावशीनं खिडकीतून नवरदेवाच्या हातात चिवड्याचा डबा दिला, त्याच्या आईची तिथल्या तिथं गळाभेट घेतली (दोन्ही गाड्यांच्या खिडक्यांतून हे कसं जमलं ते मी अजून सांगू शकत नाही) आणि हॉलवर फोन लावून तोच खणखणीत आवाज काढला, "कृपया लक्ष द्या. नवरदेवाची गाडी एक तास उशिराने धावत आहे." चौक सुटेपर्यंत दोन्ही घरांची इतकी मैत्री झाली होती की हॉलवर व्याहीभेटीला बोलायला काही उरलंच नव्हतं.

पण सुखाला जागा-वेळ कळू नये म्हणजे काय! आमच्या सोसायटीतले एक आजोबा गेले, तेव्हा मी मावशीला घेऊन आजींना भेटायला गेले. जाताना दहादा बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. सगळे जमिनीकडे बघत बसलेले. सुनेनं चहा आणला. मावशीनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगंबाई! आलं किती नेमकं पडलंय हो." मला वाटलं, फरशी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण आजींनी मान वर केली. म्हणाल्या, "ह्यांना असाच लागायचा. किसलेलं आलं चालायचं नाही, ठेचलेलंच हवं." मग अर्धा तास त्या आजोबांच्या चहाच्या तऱ्हा सांगत राहिल्या आणि मध्येच, डोळे पुसता पुसता, एकदा चक्क हसल्या. बाहेर पडल्यावर मी मावशीला झापलं. ती निरागसपणे म्हणाली, "अगं पण होताच चांगला. खोटं कशाला बोलू?"

रोज सकाळी बरोबर नऊला तिचा मला फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही, एकदम, "आजचं ऐक." आजचं म्हणजे त्या दिवसाचं ताजं सुख. लिंबात एकही बी निघाली नाही. सगळ्या डब्यांची झाकणं जागच्या जागी सापडली. कुकरची शिट्टी आणि देवळातली घंटा एकाच वेळी वाजली. मला त्या वेळी ऑफिसला निघायची घाई असायची. फोन खांद्याला लावून मी पोळ्या गुंडाळत असे आणि "हो का, अरे वा" म्हणत असे. खरं सांगते, कित्येकदा मी तो फोन उचललाही नाही.

मागच्या हिवाळ्यात तिचा आवाज बसला. पडसं असेल म्हणून महिनाभर काढे झाले. बरं वाटेना तेव्हा डॉक्टरांना दाखवलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला पाठवली आणि पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावून तिला घरी पाठवलं. नवऱ्यानं तिला पाटी-पेन्सिल आणून दिली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले आणि फोन वाजला नाही. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. मी ऑफिसला रजा टाकली आणि मागच्या गल्लीत गेले. मावशी पलंगावर बसली होती, गळ्याला मफलर. मी विचारलं, "आजचं?" तिनं पाटीवर लिहिलं, 'काही नाही.' तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशी तर तिनं पाटी उचललीच नाही. रिपोर्ट यायचा होता. जिच्या सुखाला मी इतकी वर्षं वैतागले, तिची ती कोरी पाटी मला बघवेना.

मग मीच शोधायला लागले. सोपं नसतं हो ते! सकाळपासून डोळे ताणून बघितलं तरी मला नुसती धूळ आणि न वाळलेले कपडेच दिसत होते. तरी पाचव्या दिवशी मी तिच्यासमोर उभी राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "कृपया लक्ष द्या. आज इंदिरानगरच्या बोगद्यात एकही गाडी अडकलेली नव्हती. मी सरळ पार झाले."

मावशीनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पाटी ओढली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'खोटं!!'

खोटंच होतं. त्या बोगद्यात गाड्या अडकल्या नाहीत असा दिवस नसतो. आम्ही दोघी हसत सुटलो. ती आवाज न करता, मफलर तोंडावर दाबून, आणि माझ्या डोळ्यांतून केव्हा पाणी यायला लागलं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी खरी खरी सुखं आणायला लागले. भाजीवालीनं मेथी आधीच निवडून ठेवली होती. साडीची फॉलपट्टी निऱ्यांत बरोबर बसली. ती पाटीवर दहापैकी गुण द्यायची. मेथीला नऊ मिळाले.

रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही. फक्त आवाज पूर्वीसारखा येणार नाही." मी मावशीकडे बघायचं टाळलं. तो आवाज म्हणजे तिचं सगळं आयुष्य. तिनं शांतपणे पाटीवर लिहिलं आणि डॉक्टरांपुढं धरली : 'पूर्वीसारखा नाही. पण येईल ना?' डॉक्टर म्हणाले, "हो, येईल की." तिनं त्यांना दहापैकी दहा दिले.

आला तसा आवाज. खरबरीत, दबलेला. फोनवर कळत नाही, म्हणून मीच सकाळी थोडा वेळ तिच्याकडे जाते. तिच्या दारासमोरच्या पायरीवर थंडीत उन्हाचा एक तुकडा पडतो, जेमतेम दोघींपुरता. परवा मी गेले तेव्हा ती तिथं बसली होती. काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला.

"बस. ऊन आहे तोवर," ती म्हणाली, आणि सरकली.

मी बसले. ऑफिसला उशीर होत होता. ऊन हळूहळू भिंतीकडे जायला लागलं, तशा आम्हीही त्याच्यामागं थोड्या थोड्या सरकत गेलो.