व्हरांड्यातून ऐकलेली चर्चा

सत्तरच्या दशकात साताऱ्याहून मी सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आलो. नोकरी कायम व्हायची होती, आणि ती प्राचार्यांच्या हातात. वर्गातून फक्त शिक्षकाचाच आवाज आला पाहिजे, असं त्यांचं मत. मला मात्र चर्चा घ्यायची खाज. दीडशे पोरांना नुसत्या नोट्सच सांगायच्या, तर रेडिओ काय वाईट होता?

"साखर कारखान्यानं लहान शेतकऱ्याचं भलं झालं का?" मी विचारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. उसाच्या रानातली पोरं, आणि उसावर बोलेनात! आठवडाभर हेच. माझं डोकंच चालेना. शेवटी पलूसकडच्या एकाला गाठलं.

"आवं सर, तुमी समोर हुबं. थोरल्या माणसापुढं वाद घालायचा व्हय? घरात बापुढं तरी कुठं बोलतो आमी?"

"मग मी बाहेर जाऊ?"

"जावा की!"

दुसऱ्या दिवशी प्रश्न फळ्यावर लिहिला आणि दार ओढून व्हरांड्यात उभा राहिलो. आत असा गलका उठला की विचारू नका. कुणाचा ऊस आधी तुटतो, कुणाचा वाळतो, सगळं निघालं. मी एकटाच हसत उभा. तेवढ्यात मुलींच्या बाजूनं एक आवाज चढला.

"उसाला पाणी आमची आई पाजती, आन् कारखान्याचा सभासद आमचा बा. तिचं काय भलं झालं, त्ये सांगा की!"

मला तर काटाच आला. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

कोण बोललं ते बघायला दाराशी गेलो, तर मागून प्राचार्य. मला बाजूला सारून ते आत शिरले.

"काय गोंधळ चाललाय?"

पलूसचा उभा राहिला. "आमची चूक हाय, सर. आमचे सर नोट्सच सांगत हुते. घसा धरला म्हणून पानी प्यायला गेले, तवर आमी दंगा केला."

"व्हय सर!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

प्राचार्यांनी वर्गाला झापलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेले. पोरं माझ्याकडे बघून खूश. हसावं की रडावं, मला कळेना. आभार मानावेत, तर कशाचे?

दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न लिहून बाहेर गेलो. आत चिडीचूप. आता पोरं माझी नोकरी राखत होती.

नोकरी कायम झाली. हजेरी घेताना मुलींच्या प्रत्येक 'हजर'कडे मी कान लावायचो. आईचं विचारणारी ती कोण, ते वर्ष संपेपर्यंत मला कळलं नाही.