नंतर सांगते

आत्याला ओठांवरून सगळ्यात चटकन ओळखू येणारे शब्द कुठले असतील, तर "नंतर सांगते." लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून ती लोकांच्या ओठांवर नजर ठेवून जगत आली, आणि ओठांवर सर्वांत जास्त येत हेच. जेवताना तिचा दादा काहीतरी बोले, सगळे पोट धरून हसत. आत्या विचारी, "काय झालं?" वहिनी हात झटकून म्हणे, "नंतर सांगते गं." मग ताटं उचलली जात, दिवे मालवले जात, आणि विनोद शिळा होऊन जाई. ते "नंतर" कधी उजाडत नसे.

कान गेले तरी तोंड शाबूत होतं. फक्त आपला आवाज केवढा लागतो याचा तिला पत्ता नसे. ती कुजबुजायला गेली की शेजारच्या घरातली माणसं ओ देत. हिच्याजवळ काही बोलणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं, असं दादा चारचौघांत सांगे आणि स्वतःच खो खो हसे. त्याचं ते हसणंही आत्याला नीट दिसे.

तिचे दिवसाचे सुखाचे तास कारखान्यातले. पुस्तकं बांधायचा कारखाना. छापील कागदांच्या घड्या घालायच्या, त्या क्रमाने लावून शिवायच्या, पाठीला खळ फासून दाबाखाली ठेवायच्या. शेजारी कागद कापायचं यंत्र दिवसभर धडधडे. त्या गोंगाटात धडधाकट कानांचाही उपयोग शून्य. ज्याला काही सांगायचं असेल त्याने समोर यायचं, तोंडाकडे बघायचं आणि बोलायचं. मालकापासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळे तसंच बोलत. तिथे आत्याला "नंतर" कुणी म्हणत नसे. घरची आणि चर्चमधली माणसं मात्र चांगल्या कानांची, म्हणून पाठ फिरवून बोलणारी.

अलीकडे घरात कुठेतरी पाणी मुरत होतं. आत्या खोलीत शिरली की तिघांची तोंडं मिटत. दादा-वहिनीचं एक वेळ ठीक, पण भाचीसुद्धा! त्या पोरीला आत्यानेच वाढवलं होतं. बोलायला लागली तेव्हापासून ती आत्याची हनुवटी चिमुकल्या हाताने आपल्याकडे वळवायची आणि मगच बोलायची. तीच पोरगी आता दाराआड जाऊन फोनवर बोले आणि आत्या दिसली की पुस्तकात डोकं खुपसे. आत्याच्या मनाने घेतलं की आपली खोली रिकामी करून घ्यायचं घाटतंय. आपल्याला लांबच्या बहिणीकडे पाठवणार, आणि ते सांगायचं धाडस कुणाला होत नाही.

"मला कुठे पाठवायचं आहे का?" तिने एकदा वहिनीला सरळ विचारलं.

"छे गं! काहीतरीच काय? नंतर सांगते."

म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. आत्याला रात्रभर झोप नाही.

शनिवारी संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे दुसऱ्या दिवसाचं शास्त्रवाचन आधीच वाचून काढलं. उपदेश कळत नाही, निदान कशावर आहे ते तरी कळावं म्हणून. प्रेषिताने मंडळीला लिहिलेलं पत्र होतं. देवाच्या मनात फार पूर्वीपासून एक बेत होता, पिढ्यान्‌पिढ्या झाकलेला. आता तो ख्रिस्तामध्ये सगळ्यांपुढे उघडा झाला. ज्यांना परके म्हणून बाहेर ठेवलं होतं तेही घरचेच, वारशात त्यांचाही तेवढाच वाटा. आत्याने ते दोनदा वाचलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. देवालासुद्धा सांगायला उशीर झाला होता, पण त्याने सांगितलं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. कुणाला नंतरवर ठेवलं नाही.

चर्चमध्ये आत्याच्या घरच्यांचं बाक खांबाला लागून होतं. पाळकसाहेब माणूस सज्जन, पण मिशा दाट आणि मान कायम कागदात. पुढच्या डाव्या बाकावरून त्यांचं तोंड दिसलं असतं. ते बाक गायकमंडळाचं. तिथे एक जागा द्या म्हणून आत्या तीन पाळकांच्या कारकिर्दीत सांगून थकली. दर वेळी उत्तर एकच, समितीपुढे ठेवू.

त्या रविवारी पाळकांनी उपदेशात काहीतरी गमतीचं सांगितलं. सगळं चर्च हसलं. आत्याने वहिनीला कोपराने ढोसलं. वहिनीने नेहमीचेच ओठ हलवले.

उपदेश संपला. पाळकांनी एक छोटा कागद उचलून वाचला, आणि सगळ्या माना एकदम आत्याच्या बाकाकडे वळल्या. माणसं हसत होती. भाचीकडे बघत होती, आत्याकडेही बघत होती. पुढच्या बाकावरच्या घड्याळजीच्या बायकोने वळून आत्याचा हात दाबला. "अभिनंदन!"

"आभारी आहे," आत्या म्हणाली. कशाबद्दल, ते देव जाणे! तिने वहिनीकडे पाहिलं. "काय वाचलं?"

"घरी सांगते."

भाची मान खाली घालून बसली होती.

आत्या उठून उभी राहिली. "पाळकसाहेब, काय वाचलंत?"

पाळकांनी मान वर केली. त्यांचं अख्खं तोंड तिला बहुधा पहिल्यांदाच दिसलं. ते सावकाश म्हणाले, "तुमच्या भाचीचं लग्न ठरलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

आपल्याला कुठे पाठवत नाहीत एवढ्याने तिला क्षणभर हायसं वाटलं. मग अंगाची आग झाली. लोकांच्या चेहऱ्यांवरचं हसू मावळलं होतं.

दादाने तिचा हात धरून खाली ओढलं. "बस खाली! बोलणी पक्की व्हायच्या आत गावभर केलं असतंस तू."

"आज झालंच की गावभर," आत्या म्हणाली. "गावाला सांगितलंत. मला नाही."

तिने हात सोडवला, बाकातून बाहेर पडली आणि थेट पुढे गेली. गायकमंडळातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि अंग चोरून जागा केली. आत्या बसली आणि आपल्या मते अगदी हळू, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "आता उपदेश पहिल्यापासून सांगा. मान वर करून. आजच्या वाचनात सगळ्यांना म्हटलंय."

पाळकांनी घसा खाकरला. हातातले कागद त्यांनी खाली ठेवले.

एवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन बसलं. आत्याने बघितलं नाही. मग हनुवटीला बोटं लागली, आता ती चिमुकली नव्हती, आणि तिचं तोंड हलकेच वळवलं गेलं. भाचीचे डोळे भरले होते.

"आत्या, माझ्यावर रागावलीस?"

"नंतर सांगते," आत्या म्हणाली आणि पाळकांच्या तोंडाकडे बघायला लागली.