उन्हाची सवय

सांगवीच्या बागेत ते रोज दुपारी पहिली शिफ्ट संपवून यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं, शेपटीसकट चांगलं चार फुटी हिरवं जनावर. पहिल्या दिवशी मी बाकावरून उठलेच.

"घोरपड न्हाई ताई, इग्वाना हाय, परदेशी सरडा," ते म्हणाले. "पाळीवच. आधीच्या मालकानं चार वर्षं काचेच्या पेटीत ठेवली. ऊन कसलं ते हिला ठाऊकच न्हाई."

गवतावर बसून ते टॉवेल जरासा उघडायचे. तिच्या अंगाला बांधलेला पट्टा हातात धरायचे. ती डोळे मिटून त्यांच्या शर्टात नखं रोवायची. पाच मिनिटं झाली की घरी. दुसऱ्या दिवशी सहा. लोक हसायचे, नाकं मुरडायचे. ते तिच्या पाठीवरून बोट फिरवत राहायचे.

एकदा जवळच कुत्रं भुंकलं. घाबरून तिनं त्यांचा हात कोपरापर्यंत ओरबाडला. रक्त आलं, पण त्यांनी तिला सोडलं नाही.

"आता पुरे करा की," मी म्हटलं.

"व्हय, आज पुरे. उद्या परत येतो. ती घाबरली म्हणून मी बी घाबरलो, तर तिनं कुणाच्या जिवावर बाहेर यायचं?"

महिन्याभरानं एका दुपारी ती आपणहून त्यांच्या मांडीवरून उतरली. चार पावलं टाकून थांबली आणि उन्हात अंग पसरून निवांत पडली. आसपास माणसं जमली, पण हसलं कुणीच नाही. त्यांनी तर मानही वळवली नाही. ते फक्त तिच्याकडे बघत होते.