व्हर्लिनची झोपमोड

गेला त्या दिवशी सकाळी व्हर्लिन पोराशीच भांडला. पुढ्यात अंडी गार होतायत आणि हा फोनवर.

"डेरिल, तुमच्या बँडची ती रेकॉर्ड परत निघतेय म्हणे. या खेपेला मला त्यातनं काढ."

"नाही हां बाबा. लोकं त्याच्यासाठीच तर घेतात."

"घेऊ देत! मी खिळे आणायला गेलो तरी मागनं कोणीतरी ओरडतं. मेल्यावर तरी सोडाल का?"

"मरतोय कोण? अंडी खा," त्याची बायको लोर्ना म्हणाली.

झालं असं होतं, की डेरिलच्या बँडला कुठलीच कंपनी विचारीना. मग पोरांनी आईबापाच्या तळघरातच रेकॉर्ड केली, कपडे धुवायच्या मशीनशेजारी ड्रम मांडून. व्हर्लिन जन्मभर शाळेची बस चालवलेला, पोरांच्या कालव्यात कधी हूं का चूं केलं नाही. पण रविवारची दुपारची झोप म्हणजे झोप. नेमकं गाणं जमत आलं आणि वरनं झाडूचा दांडा आपटला. "बंद करा रे ते! माणसं झोपलीत इथं!" पोरांनी ते रेकॉर्डमध्ये तसंच ठेवलं. गाणाऱ्यानं गळा फाडला, आणि नाव झालं व्हर्लिनचं.

त्या दुपारी गवत कापून आला, खुर्चीत बसला, डोळा लागला. झोपमोड नको म्हणून लोर्नानं मशीनसुद्धा लावलं नाही. जेवायला हाक मारली तेव्हा कळलं.

चर्चमध्ये हातभर गोंदवलेली अनोळखी पोरं हमसून रडत होती. एक लोर्नाला म्हणाला, "काकू, त्यांनी माझं आयुष्य बदललं."

"कसं काय बाबा? तो तर झोपला होता."

उन्हाळ्यात नवी रेकॉर्ड घरी आली. जुनी व्हर्लिननं कधीच, अंगणात जुनं सामान विकायला मांडलं तेव्हा फुंकून टाकलेली. त्याचा आवाज घरात दुसरा कुठेच नव्हता, फोनवर निरोप घेणाऱ्या मशीनवरही लोर्नाचाच आवाज होता. तिनं रेकॉर्ड लावली आणि वाट बघत बसली. ती जागा आली. नुसती गिटार. पुढे गेली.

जन्मात पहिल्यांदा पोरानं बापाचं ऐकलं होतं.

लोर्ना उठली. कोपऱ्यातला झाडू घेतला, दांडा जमिनीवर आपटला. "बंद करा रे ते! माणसं झोपलीत इथं!"

उशीर झाला होता, गाणं पुढे गेलेलं. तिनं सुई उचलली, मागे आणून ठेवली, आणि झाडू हातात धरून उभी राहिली.